चिठ्ठीची नक्कल

"गाऱ्हाणं राहू द्या. कागदाचं नाव सांगा."

असं म्हणत नाना समोरच्या माणसाच्या हातातला अर्ज घेत, टेबलावर पसरत आणि नखाने त्याला घड्या घालू लागत. वरचं 'मायबाप सरकारचे सेवेशी' पहिल्या घडीत जाई. खालचं 'गरिबावर मेहेरबानी व्हावी' दुसऱ्या घडीत. मधली भावकी, मेव्हण्याचा दुष्टपणा, तलाठ्याचा उर्मटपणा, सगळं दुमडत दुमडत शेवटी एकच ओळ उरे. कधी कधी ती एकही उरत नसे. मग नाना चष्म्यावरून बघत म्हणत, "अहो, यात ओळच नाही. तुम्हाला हवंय काय?"

असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी कचेरीत पाहिला असेल. खिडकीपाशी बसलेला, काळी टोपी खुंटीला, शाईने निळी झालेली करंगळी. पाहिला असेल आणि विसरलाही असाल, कारण तो लक्षात राहावा असं काही करत नाही. मीही विसरलो असतो, पण माझी गोष्ट वेगळी आहे. माझी नोकरी त्याच्या एका ओळीवर टिकली.

एकाहत्तर साली मी मामलेदार कचेरीत नक्कल कारकून म्हणून लागलो. तालुक्याचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचा होता एवढं पुरे. नेमणूक हंगामी, म्हणजे दर सहा महिन्यांनी देवाला नवस. घरी आई आणि दोन लग्नाच्या बहिणी. नाना दप्तर कारकून होते. मांडण्यांवर खारव्याच्या लाल रुमालांत बांधलेलं साऱ्या तालुक्याचं दप्तर त्यांच्या ताब्यात होतं. खोलीत वेखंडाचा आणि जुन्या कागदांचा वास भरलेला असे. पहिल्या दिवशी मला शिंका आवरेनात, तर नाना म्हणाले, "सवय होईल. नाही झाली तर सर्दी तरी होईल."

आता माहितीचा कायदा आहे. छापील नमुना आहे, तिकीट चिकटवलं की झालं, आणि कारण विचारायचं नाही असं कायद्यातच लिहिलेलं आहे. तेव्हा नकला मिळायच्या, नाही असं नाही. पण मागायच्या कशा हे कुणी सांगत नसे. अर्ज लिहून देणारे बाहेर लिंबाखाली बसत, आणि ओळींवर पैसे घेत असल्यामुळे अर्ज लांबत जात. ते नानांवर खार खाऊन होते.

नानांचे नियम थोडे होते. कागदाचं नाव, गावाचं नाव, साल. साल माहीत नसेल तर अंदाज. आणि अर्ज दिल्यावर आवक नंबर घेतल्याशिवाय उठायचं नाही. "आवक नंबर घेतला का?" हे ते जाणाऱ्याच्या पाठीला विचारत. एकदा एक मास्तर चार पानी अर्ज घेऊन आले. उपमा होत्या, दोन ठिकाणी संस्कृतही होतं. नानांनी तो मन लावून वाचला, "छान लिहिलंय" म्हणाले आणि घडी घालून एक ओळ शिल्लक ठेवली. मास्तर दुखावले. पण नक्कल आठ दिवसांत मिळाली, तेव्हा स्वतः येऊन नानांना गूळशेंगदाणे देऊन गेले.

कशाला पाहिजे, हे मात्र नानांनी कुणाला कधी विचारलं नाही. मी नवा असताना एकाला विचारलं, तर तो गेल्यावर नाना म्हणाले, "तू वाण्याकडे गूळ मागितलास तर तो विचारतो का, लाडू करणार की पोळी?"

मी म्हणालो, "पण नाना, उगाच कुणी मागेल."

"मागू दे. कागद त्यांचे आहेत, आपण राखणदार."

एक म्हातारा वर्षातून एकदा येई. नक्कल मागत नसे, फक्त एका जुन्या जबाबाची पाहणी मागे. नाना खिडकीपाशी स्टूल ठेवत, रुमाल सोडत, पान उघडून देत आणि आपल्या कामाला लागत. म्हातारा घटकाभर बसून जाई. दुसऱ्या वर्षी मी मागून डोकावलो. पानाच्या तळाशी त्याच्या बापाचा अंगठा होता, काळा, ठसठशीत. म्हातारा त्याच्याशेजारी आपला अंगठा धरून बसला होता. नकलेत अंगठा येत नाही. तिथे 'निशाणी अंगठा' एवढंच लिहितात. मी नानांना सांगायला गेलो, तर ते मान वर न करता म्हणाले, "मी विचारलं होतं का तुला?"

आता चिठ्ठीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दप्तरातून कुठलाही कागद बाहेर गेला की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची, हा नानांचा शिरस्ता. काय नेलं, कुणी दिलं, कुणाकडे, कुठल्या तारखेला. कागद परत आला की चिठ्ठी फाडायची. हे त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं की एकदा आमच्या अव्वल कारकुनांनी त्यांची छत्री नेली, तर खुंटीला चिठ्ठी लटकली: 'छत्री एक, काळी. अव्वल कारकून यांचेकडे.' ती आठ दिवस लटकत होती. येणारा जाणारा वाचत होता. छत्री परत आली.

या अव्वल कारकुनांना आम्ही भाऊसाहेब म्हणत असू. मामलेदारांच्या खालोखाल कचेरी त्यांचीच.

घरी मात्र नानांना काही सापडत नसे. मी एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा काकू भाजीची पिशवी शोधत होत्या. मला म्हणाल्या, "यांना आजोबांच्या वेळचा कागद अंधारात सापडतो. काल स्वतः आणलेली पिशवी सापडत नाही."

"तू पिशवीच्या जागी चिठ्ठी ठेवली नाहीस," नाना म्हणाले.

"ठेवते. 'नवरा कचेरीत' अशी."

नाना मनापासून हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी आमची रुजवात चाले. मी केलेली नक्कल मुळाशी ताडून पाहायची, ती रुजवात. मी नक्कल मोठ्याने वाचायचो, नाना मूळ कागदावर बोट फिरवायचे आणि ओळ बरोबर निघाली की म्हणायचे, "रुजू." दिवसातून शंभरदा तरी तो शब्द कानांवर पडे. शेवटी नकलेखाली दोन सह्या होत. 'नक्कल करणार' इथे माझी, 'रुजवात घेणार' इथे त्यांची. मग शिक्का. एखादा काना चुकला तरी नाना सबंध पान नव्याने लिहायला लावत. मी कुरकुरलो की म्हणत, "माणूस या कागदावर भरवसा ठेवून घरी जातो. त्याला काय माहीत तुला जांभया येत होत्या."

दुष्काळाच्या साली ठकूबाई आली.

साठीच्या आसपासची, उन्हाने काळवंडलेली, खडी फोडून बोटांना चिंध्या बांधलेली. तिच्या वस्तीवरचा आड आटला होता. शेजारच्या बागाईतदाराच्या विहिरीवर वस्ती पूर्वीपासून पाणी भरत असे. त्या वर्षी त्याने विहिरीवर इंजिन बसवलं, भोवती बाभळीच्या काट्यांची वई घातली आणि खाजगी विहीर आहे म्हणून सगळ्यांना परत लावलं. बाया दोन कोसांवरून हंडे आणू लागल्या. त्यात ठकूबाईची पोटुशी सून होती.

"माज्या सासऱ्यानं सांगितलं हुतं," ती म्हणाली, "हीर सरकारनं खोल केली तवा लिवून घ्येतलंय, वस्तीला प्यायचं पानी भरू द्यायचं म्हून. मामलेदाराच्या पुस्तकात हाय."

"कुठल्या सालच्या?"

"त्ये मला काय ठावं बाबा. सासरा मरून वीस वरसं झाली."

"विहीर खोल केली तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं? कुणाचं लग्न, कुणाचा जन्म?"

ती मग म्हणाली, "माजे मालक त्या साली जल्मले. सासूबाई म्हनायच्या, हिरीवर सुरुंग उडायचा आन प्वार पोटात दचकायचं."

नानांनी नवऱ्याचं वय विचारलं आणि बोटांवर साल काढलं. माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला. अमुक गाव, अमुक सालच्या सुमाराची, विहिरीच्या पाण्याच्या हक्काची फेरफार नोंद, तिची सहीशिक्क्याची नक्कल मिळावी. संपलं. मी वाचून दाखवला तर ठकूबाईचा चेहरा पडला.

"आन बाया दोन कोस चालत्यात, सून पोटुशी हाय, त्ये न्हाई व्हय लिवायचं?"

"नाही बाई," नाना म्हणाले. "ते लिहिलं की साहेब विचार करणार, दया करावी की नाही. हे लिहिलं की कागद शोधावाच लागतो. आवक नंबर घ्या आणि पुढच्या सोमवारी या."

जमिनीच्या हक्कात काही बदल झाला की ज्यात नोंद होते, ते फेरफाराचं पुस्तक नानांनी त्याच संध्याकाळी काढून बघितलं. नोंद होती. ठकूबाईच्या सासऱ्याने सांगितलेली अट जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी नाना एक दिवसाची रजा घेऊन तिसगावला मुलीकडे गेले. तिला बरं नव्हतं. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले.

त्या दिवशी दुपारी भाऊसाहेबांनी मला बोलावलं. "ते अमक्या गावचं फेरफाराचं पुस्तक आण जरा. बघायचंय."

मी लेखी हुकूम मागायला हवा होता. तोही नानांचा नियमच होता. पण भाऊसाहेबांकडे लेखी हुकूम मागण्याची माझी छाती नव्हती. पुस्तक नेऊन दिलं. शिरस्ता म्हणून जागेवर चिठ्ठी तेवढी ठेवली: पुस्तक, तारीख, अव्वल कारकून यांचेकडे, खाली माझी सही.

बागाईतदार आदल्या दिवशी भाऊसाहेबांच्या टेबलाशी बसून गेला होता. हे मी पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, तेही सांगून टाकतो.

शनिवारी मी पुस्तक परत मागायला गेलो. भाऊसाहेब म्हणाले, "कुठलं पुस्तक?" मग शांतपणे म्हणाले, "त्या बाईच्या अर्जावर लिही, नोंद आढळून येत नाही. तुझी नेमणूक अजून हंगामीच ना?"

मी लिहिलं. आजही ती ओळ मला माझ्या अक्षरात दिसते.

नानांपुढे सहीसाठी ठेवली तेव्हा त्यांनी वाचली आणि विचारलं, "कुठं कुठं पाहिलंस?" त्यांची पद्धतच होती ती. 'नाही' लिहायचं तर कुठले कुठले रुमाल सोडून पाहिले ते खाली लिहायचं. ते म्हणत, आहे म्हणायला एक कागद पुरतो, नाही म्हणायला सगळं दप्तर पाहावं लागतं. नाना उठले, मांडणीपाशी गेले, आणि चिठ्ठी घेऊन परत आले.

मी सगळं सांगितलं. आईचं, बहिणींचंही सांगितलं, म्हणजे गाऱ्हाणंच केलं. नानांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी घडी घातली नाही.

"पुस्तक जागेवर नाही, हे खरं," ते म्हणाले. "जागेवर काय आहे? चिठ्ठी. बाईला चिठ्ठीची नक्कल द्यायची."

"नाना, भाऊसाहेब कानांवर हात ठेवतील. परवानगीशिवाय दप्तर बाहेर काढलं म्हणून मी जाईन."

"बघू. आधी जेवून घे."

जेवून आलो तर चिठ्ठी माझ्या टेबलावर होती. माझ्या सहीखाली नानांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती. 'पुस्तक माझे परवानगीने व समक्ष दिले. दप्तर कारकून.' खाली सही. आणि तारीख, ते तिसगावला होते त्या दिवसाची.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रुमालाची गाठ मारत होते. मी नक्कल केली. दोनदा कागद बदलला. मग नेहमीसारखे आम्ही रुजवातीला बसलो. मी माझ्या ओळी वाचल्या. रुजू. रुजू. त्यांच्या ओळीपाशी आलो आणि थांबलो.

"वाच," नाना म्हणाले.

वाचली. नानांचं बोट त्या ओळीवरून सावकाश शेवटपर्यंत गेलं. शाई अजून ताजी दिसत होती.

"रुजू," ते म्हणाले.

सोमवारी ठकूबाई आली. नक्कल हातात घेऊन उलटीसुलटी करून म्हणाली, "ह्या चिठ्ठीनं पानी येईल का बाबा?"

"चिठ्ठीनं पुस्तक येईल. पुस्तकानं पाणी येईल. हे घेऊन प्रांतसाहेबांकडे जा. काही सांगू नका, नुसतं दाखवा. आणि तिथंही नंबर घ्या."

चार दिवसांत प्रांतसाहेबांकडून विचारणा आली आणि पुस्तक भाऊसाहेबांच्या कपाटात 'मिळालं'. फेरफाराची नक्कल मीच केली. तितकं सुंदर अक्षर मी पुन्हा काढलं नाही. पंधरवड्यात वई निघाली. ठकूबाई त्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या फडक्याने बांधून एसटीने घेऊन आली, अर्धा सांडलेला. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला, प्यायले आणि मला म्हणाले, "आवक नंबर टाक रे." ठकूबाईला ते कळलं नाही, पण ती हसली. मला हसू आलं नाही. मी खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन रडून आलो.

लेखी हुकमाशिवाय दप्तर दिल्याबद्दल नानांची बदली कोपरगावला झाली. जिल्ह्याचं दुसरं टोक. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. भाऊसाहेबांनी पुढे फारसं काही ताणलं नाही. ताणलं असतं तर त्यांचंही कपाट पुन्हा उघडलं असतं.

चार्ज देताना नानांनी एकेक रुमाल मला मोजून दिला. शेवटी रजांच्या फायलीवर हात ठेवून म्हणाले, "माझा त्या दिवसाचा अर्ज यात आहे. कुणी मागितला तर द्यायचा. कशाला पाहिजे ते विचारायचं नाही."

मी म्हणालो, "नाना, तो मी काढून टाकतो."

मी त्यांना रागावलेलं तेवढंच पाहिलं. "माझी एक ओळ खोटी झाली," ते म्हणाले. "तिच्यापायी दुसरा कागद नाहीसा व्हायचा नाही. तुझ्या हातून तर नाहीच."

मग टोपी घातली, छत्री घेतली आणि दारातून परत फिरले. मला वाटलं, काही राहिलं. "किल्लीची पावती दे," म्हणाले.

कोपरगावहून त्यांची कार्डं येत. एकाच ओळीची. 'येथे वाळवी फार.' 'गोदावरीस पाणी आले.' पुढे ते तिसगावला मुलीकडे राहिले आणि तिथेच वारले. मला उशिरा कळलं. कळवणारं कार्ड काकूंचं होतं, त्यालाही एकच ओळ होती.

मी कायम झालो, पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसलो. दर नव्या अर्जाची घडी उलगडताना मनात धाकधूक असे, की यात रजांच्या फायलीचं नाव असेल. कुणी मागितला असता तर मी दिला असता. असं मी म्हणतो खरं. देव जाणे.

कुणी मागितला नाही. रजेच्या अर्जांना ठेवण्याची मुदत असते. ती संपली की यादी करून जाळायचे. त्या वर्षी कचेरीमागच्या लिंबाखाली माझा हाताखालचा कारकून एकेक कागद वाचत होता, मी यादीवर बोट फिरवत होतो. "रजेचा अर्ज, दप्तर कारकून, एक दिवस, कारण मुलगी आजारी." माझं बोट थांबलं. तो म्हणाला, "साहेब?" मी म्हणालो, "रुजू." कागद आगीत गेला.

बहिणींची लग्नं झाली, मला पेन्शन मिळतं, नातवंडं आहेत. हे सगळं एका खोट्या ओळीच्या पोटातून आलं आणि तो कागद आता कुठल्याही कायद्याने कुणाला मिळायचा नाही. म्हणून न मागता मीच देतो आहे, आठवतो तसा. काना मात्रा चुकला असेल तर मला माहीत नाही. खाली माझी सही करायला तयार आहे, नक्कल करणार म्हणून. तिच्याशेजारची जागा मात्र कोरीच ठेवावी लागेल.